मैदान आखणारे सर

सकाळचे पावणेसहा वाजले आहेत. पुण्यातील एका महाविद्यालयाच्या मैदानावर तिथले निवृत्त शारीरिक शिक्षण संचालक, म्हणजे सर, वाकून सुतळी ताणत आहेत. दुसरे टोक धरलेली मुलगी खो-खोच्या संघातली आहे. तिला सरांनी आधी मैदान आखायला शिकवले आणि मग पळायला.

ही सुतळी जवळून पाहण्यासारखी आहे. तिच्यावर रंगीत चिंध्यांच्या गाठी आहेत. लाल गाठी कबड्डीच्या: १३ मीटर लांबी, १० मीटर रुंदी आणि मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदानरेषा, म्हणजे चढाई करणाऱ्याने ओलांडायलाच हवी ती रेषा. पिवळ्या खो-खोच्या, २७ बाय १६. निळ्या व्हॉलीबॉलच्या, १८ बाय ९. टोकाची हिरवी गाठ गोळाफेकीच्या वर्तुळासाठी आहे. सरांची सगळी नोकरी या एका सुतळीवर मोजता येते.

महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालकाचे पद एकच असते, त्यामुळे जो खेळ विद्यार्थी घेऊन येतील, तो त्या एकाच माणसाला शिकवावा लागतो. सर मूळचे खो-खोपटू. ज्या शहरात, डेक्कन जिमखान्यावर, १९१४ च्या सुमारास या खेळाचे नियम लिहून काढण्याचे काम झाले, तिथे हे स्वाभाविकच होते. पुढे १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डीला स्थान मिळाले, मुले कबड्डी मागू लागली आणि सर पस्तिशीला टेकलेले असताना चढाई आणि पकडीचे बारकावे नव्याने शिकले. व्हॉलीबॉल त्यांनी मुलींच्या आग्रहाखातर सुरू केला.

एकाच माणसाने अनेक खेळ शिकवणे म्हणजे तडजोड, असे मानले जाते. सरांचे चित्रीकरण करताना आम्हाला वेगळेच दिसले. खो-खोत सूर मारताना छाती आधी टेकवायची आणि हात पुढे सरकू द्यायचे, हेच सर व्हॉलीबॉलच्या मुलीला जमिनीलगतचा चेंडू उचलताना सांगतात. खांबाजवळ हूल देणाऱ्या मुलाच्या चवड्यांवर त्यांची नजर खिळते, कारण तेच चवडे उद्या कबड्डीच्या बोनस रेषेवर उपयोगी पडणार असतात. असा खेळाडू हेरायला दोन्ही मैदानांवर उभा असलेला माणूस लागतो.

मातीची निगा हा त्यांचा रोजचा पाठ. खडे वेचायचे, संध्याकाळी पाणी मारायचे, ओल अर्धी सुकली की रोलर फिरवायचा आणि सकाळी फक्की टाकायची. ओल जास्त राहिली तर पाय घसरतो, कमी राहिली तर गुडघे सोलतात. म्हणून सर टाच रुतवून पाहतात. आता मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला खो-खोचा पहिला विश्वचषकही मॅटवरच झाला आणि त्यात भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ जिंकले. इथे मॅट नाही.

सर रुजू झाले तेव्हा विद्यापीठाचे नाव पुणे विद्यापीठ होते. निवृत्त झाले ते २०१४ च्या नामविस्तारानंतर, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून. त्यांच्या जागी अद्याप कोणाची नेमणूक झालेली नाही, आणि कबड्डीच्या मैदानाचा अर्धा भाग वाहनतळाकडे गेला आहे.

साडेसहा वाजता खांब रोवले जातात. आठ मुली मध्यपाटीवर आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, नववी उभी राहते. शिट्टी वाजते. नऊ मिनिटांच्या पहिल्या पाळीत सर टोकाच्या खांबापासून हलत नाहीत. पाय तिथेच चुकतात.