डुलत डुलत आलेला स्टंप

फेब्रुवारी २००९. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. वेस्टमिन्स्टर डॉग शोच्या रिंगमध्ये एक बुटका, लांबट, सोनेरी-तपकिरी कुत्रा डुलत डुलत निघालाय. कागदोपत्री नाव, क्लसेक्स थ्री डी ग्रिंची ग्ली. असल्या नावानं हाक कोण मारणार? घरी तो नुसता स्टंप.

जात ससेक्स स्पॅनियल. ते डुलणं म्हणजे म्हातारपण नव्हे बरं का, या जातीच्या मानकातच तशी चाल लिहिलेली आहे. आणि रिंगमध्ये सगळा खेळ त्या मानकाचाच. परीक्षक कुत्र्याला शेजारच्या कुत्र्याशी नाही, कागदावरच्या आदर्श कुत्र्याशी ताडून बघतो. दात बघतो, केसांत हात घालून खांदे, बरगड्या चाचपतो. परका माणूस असा चाचपत असताना दगडासारखं उभं राहायचं! हँडलर, म्हणजे कुत्र्याला रिंगमध्ये घेऊन फिरणारा माणूस. त्याच्या खिशातले लिव्हरचे तुकडे तेव्हाच कामी येतात.

अमेरिकेत 'चॅम्पियन' म्हणवून घ्यायला १५ गुण लागतात. एका शोमध्ये फार तर ५. त्यातले दोन मोठे विजय वेगवेगळ्या परीक्षकांकडून मिळालेले हवेत, म्हणजे एकट्याची मर्जी बसून भागत नाही.

स्टंपनं हे सगळं केव्हाच पार केलं होतं. २००४ मध्ये वेस्टमिन्स्टरला स्पोर्टिंग गट, म्हणजे शिकारीत साथ देणाऱ्या जातींचा गट, जिंकून तो निवृत्त झाला. त्याच वर्षी असा आजारी पडला, की टेक्सासच्या पशुवैद्यकीय रुग्णालयात त्याचे १९ दिवस गेले. वाचेल असं वाटत नव्हतं. वाचला. मग हँडलर स्कॉट सोमर यांच्या घरी निवांत दिवस सुरू झाले.

२००९ चा शो अवघ्या काही दिवसांवर आला, आणि सोमर यांच्या मनात आलं, याला पुन्हा एकदा उतरवू या. तयारी अशी काही नव्हतीच.

अंतिम फेरीत सात गटांचे सात विजेते. झुपकेदार पूडल, उंचनिंच डिअरहाउंड, टोकदार कानांचा स्कॉटिश टेरियर. सगळे ऐन उमेदीतले. आणि त्यांच्यात हा दहा वर्षांचा आजोबा, शेपूट हलवत.

परीक्षकबाईंनी बोट दाखवलं ते त्याच्याकडे. त्याचं वय त्यांना ठाऊकच नव्हतं. 'बेस्ट इन शो', म्हणजे इथला सर्वोच्च किताब, जिंकणारा तोवरचा सर्वांत वयस्क कुत्रा आठ वर्षांचा होता, १९९९ मधला पॅपिलॉन जातीचा. बक्षीस म्हणाल, तर चषक. रोख एक डॉलरही नाही.

स्टंप पुन्हा निवृत्त झाला. या वेळी मात्र कायमचा.