लग्नानंतरची प्रेमकथा

(दृश्य: राजवाड्यामागची गल्ली. जुन्या वाड्याचा लाकडी जिना. वर वाचनालयाची खोली, खुर्च्या सरकवल्याचा आवाज.)

साताऱ्यात ऐतिहासिक कादंबरी लिहून खपवायची म्हणजे जोखमीचं काम. लेखकानं माहुलीचा संगम भलत्याच दिशेला नेऊन ठेवला, तर इथला वाचक पुस्तक मिटतो. मिटून गप्प बसला तर बरं, पण तो चार जणांना सांगत सुटतो.

महिन्यातून एकदा या खोलीत काही मंडळी जमतात. समीक्षक कुणी नाही, प्राध्यापक तर औषधालाही नाही. एक निवृत्त शिक्षिका, एक मेडिकलवाले, कॉलेजच्या दोन मुली आणि एसटीतून रिटायर झालेले एक काका. सगळ्यांनी एकच पुस्तक वाचायचं आणि दोनशे पानी वहीत अभिप्राय लिहायचा. अट एवढीच, की ‘ओघवती भाषा’ आणि ‘शेवटपर्यंत खिळवून ठेवते’ असलं काही लिहायचं नाही. हे लिहिणाऱ्यानं पुस्तक वाचलेलं नसतं, असा इथला अनुभव आहे.

(दृश्य: वहीचं पान. निळी शाई, तिरकं अक्षर.)

काका ड्रायव्हर होते. मुक्कामाच्या गाडीवर असले की बॅटरीच्या उजेडात कादंबऱ्या वाचायचे. त्यामुळे त्यांच्या अभिप्रायात घाट हटकून येतात. एका कादंबरीतला नायक रात्री पुण्याहून निघतो आणि पहाटे साताऱ्यात, प्रेयसीच्या दारात हजर. काकांनी लिहिलंय, “शंभरावर किलोमीटर. मधे घाट. घोडा कुठं बदलला? पाणी कुठं पाजलं? बाईच्या डोळ्यांवर दोन पानं, घोड्याला एक ओळ नाही.”

बैठकीत यावर हसू फुटलं, पण काकांचं खरंच आहे. ज्या लेखकाला घोड्याची दमछाक दिसत नाही, त्याला त्या स्वाराची ओढ तरी कुठून दिसणार?

मुली या छंदाकडे इंग्रजीतून आल्या. आधी जेन ऑस्टिन, मग जॉर्जेट हेयर. ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ १८१३ची. तिनं आपल्याच काळातली माणसं लिहिली. हेयरनं विसाव्या शतकात बसून तोच काळ पुन्हा उभा केला आणि इंग्रजीत अशा कादंबऱ्यांची रीघ लागली. दोघींकडे गोष्ट लग्नाच्या दिशेनं चालते. नाच, पत्रं, गैरसमज, कुणाचं उत्पन्न किती याची कुजबुज, आणि शेवटी होकार. लग्न ठरलं की पुस्तक संपलं.

आता ‘स्वामी’ घ्या. रणजित देसाईंची १९६२ची कादंबरी. माधवराव पेशवे आणि रमाबाईंचं लग्न झालं १७५३ साली, तेव्हा माधवराव जेमतेम आठ वर्षांचे. होकार कुणी कुणाला विचारायचा? इंग्रजी कादंबरी जिथं थांबते, त्याच्या कितीतरी पुढं आपली सुरू होते. इथली उत्कंठाच निराळी. राघोबादादा, निजाम, हैदर, कर्जाचे तगादे, या गर्दीत नवरा-बायकोला दोन घटका निवांत बोलायला मिळणार का? शेवट तर शाळकरी पोरालाही पाठ आहे. क्षय, थेऊर, १७७२. तरी वाचणारा वेडी आशा धरून पान उलटतो.

(दृश्य: माहुली. कृष्णा-वेण्णेचा संगम, घाटाच्या पायऱ्या.)

पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे या माहुलीचे. कादंबरीत ते आले, की खोलीतली मंडळी घरचा माणूस आल्यासारखी सावरून बसतात. मेडिकलवाले मूळचे मसूरचे. शाहू महाराजांनी पहिल्या बाजीरावाला पेशवाईची वस्त्रं दिली ती मसूर मुक्कामी, १७२० साली. त्यामुळे बाजीरावावरच्या ‘राऊ’ कादंबरीवर त्यांचा अभिप्राय जरा जास्तच लांबलाय. तो आपण सोडून देऊ.

शिक्षिकाबाईंचा मात्र सोडता येत नाही. रमाबाईंच्या सती जाण्याबद्दल त्यांनी लिहिलंय, “संसाराची पानं मी पुन्हा पुन्हा वाचली. पण आपल्या कादंबऱ्यांत सतीचा प्रसंग आला की भाषा नटायला लागते. मला तिथं बाई दिसेनाशी होते, नुसतं चंदन दिसतं.” पुस्तक आवडूनही असं लिहिता येतं, हे मुलींना नवीन होतं. परीक्षण म्हणजे एक तर आरती, नाही तर चामडी लोळवणं, अशीच त्यांची समजूत होती.

(दृश्य: कपाटातून पुस्तक काढणारा हात.)

पुढचं पुस्तक ठरलंय ना. सं. इनामदारांचं ‘शिकस्त’. पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी ते मानलं नाही. कुंकू पुसलं नाही. पुढं भाऊंचा तोतयाही उभा राहिला. शिक्षिकाबाईंचं म्हणणं, नवराच नाही तर ही प्रेमकथा कशी? मुली म्हणतात, हीच तर खरी. वाद मिटलेला नाही, आणि वाचनालयात प्रत एकच आहे. म्हणून या खेपेला बैठक महिनाभर पुढं ढकललीय.