सांग, आम्ही इंडियन आहोत

मंडळी, नमस्कार. माझ्यानंतर थेट जेवण आहे, तेव्हा पाल्हाळ लावत नाही.

इथे पर्थमध्येच वाढलेली एक मुलगी. वर्गातली पोरं विचारतात, तुम्ही मूळचे कुठले? ती घरी येऊन आईला विचारते. आई म्हणते, सांग, आम्ही इंडियन आहोत. कुटुंब मात्र इथलंच, ॲबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियाचं मूळ रहिवासी. ही सॅली मॉर्गन. तिचं 'माय प्लेस' हे आत्मकथन १९८७ साली फ्रीमँटलहून निघालं.

मी ते वाचलं ते निव्वळ शिकवायचं होतं म्हणून. त्या एका उत्तरापाशी अडले. आपल्याला कुणी 'कुठले?' विचारलं की आपण वैतागतो, आणि जिची ही जमीन तिला आपल्या नावाआड लपावं लागलं! कारण इथला, पश्चिम ऑस्ट्रेलियाचा, १९०५चा कायदा. सोळा वर्षांखालच्या प्रत्येक ॲबोरिजिनल मुलाचा कायदेशीर पालक आई नव्हे, 'चीफ प्रोटेक्टर' नावाचा सरकारी अधिकारी. पोरं उचलून नेत. पुस्तकातल्या आजीच्या अंगात ती धास्ती मुरलेली आहे.

मग मी वाचतच गेले. उजरू नूनुकलच्या कविता, किम स्कॉट, अलेक्सिस राइट, सगळे ॲबोरिजिनल लेखक. पुण्याला आईला फोनवर सांगताना मी 'आदिवासी साहित्य' म्हणायचे. हल्ली टाळते. नूंगार, यामाजी, वोंगी असे वेगवेगळे समाज आहेत, एकाच शब्दात कोंबली की कुणीच दिसत नाही.

शिकवताना पहिल्याच वर्षी घोडचूक केली. वर्गात एकच ॲबोरिजिनल मुलगी होती. सगळ्यांसमोर तिला विचारलं, 'तुला काय वाटतं?' ती पेन्सिलीचं टोक वहीत दाबत राहिली, ते मोडेपर्यंत. जणू सगळ्या समाजाच्या वतीने तिनेच बोलायचं! दिवाळीत आपल्या पोरांना असंच उभं करतात, तेव्हा आपण चिडतो ना?

आता सुरुवात नकाशापासून करते. शाळा कुणाच्या जमिनीवर आहे? वाजुक नूंगारांच्या. स्वान नदी त्यांची डर्बाल येरिगन. दिवंगतांचे फोटो किंवा आवाज असतील तर आधी तसं सांगते, कारण अनेक ॲबोरिजिनल समाजांत ते पाहणं-ऐकणं टाळतात. नको असेल त्याने बाहेर बसावं, कारण विचारत नाही.

पुस्तकाचा मोठा भाग म्हणजे मामा-आजोबा, आई आणि आजी यांनी स्वतः सांगितलेल्या, टेपवर घेतलेल्या हकिकती. त्यावरून मुलांना गृहपाठ देते: घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला दहा मिनिटं बोलतं करा. अट एकच, ते 'पुरे' म्हणाले की रेकॉर्डिंग बंद. सॅलीच्या आजीनेही काही गोष्टी शेवटपर्यंत सांगितल्या नाहीत. नातीने खूप हट्ट धरला, तरी नाही. मुलांना हाच भाग सगळ्यांत जास्त छळतो. 'मिस, पण मग खरं काय झालं?' मी उत्तर देत नाही, कारण पुस्तकातही ते नाही.

दोन प्रती आणल्यात, चहाच्या टेबलावर आहेत. एकीत माझ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, तिकडे लक्ष देऊ नका. नावं लिहून न्या, आणि कृपा करून गणपतीपर्यंत परत करा, नव्या वर्गाला लागतील.