मॉर्फिन : एकच रिसेप्टर, तीन ठिकाणं

[दृश्य : काचेच्या नळीतलं कोमट द्रावण, त्यात दोऱ्याने टांगलेली आतड्याची पट्टी]

ही गिनीपिगच्या लहान आतड्याची पट्टी. विजेचा हलका झटका बसला की आखडते आणि कागदावर उंच रेघ उमटते. द्रावणात मॉर्फिन, म्हणजे अफूतलं वेदनाशामक, सोडलं की रेघा बुटक्या होतात. वरून नॅलोक्सोन, म्हणजे मॉर्फिनवरचा उतारा, घातलं, की पुन्हा होत्या तशा उंच.

स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला हान्स कोस्टरलिट्झ अशाच पट्ट्यांवर काम करत. १९७३ मध्ये बाल्टिमोरच्या कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी मेंदूत मॉर्फिन नेमकं जिथे चिकटतं, ते रिसेप्टर दाखवून दिले. न्यूयॉर्क आणि उप्सालातही त्याच वर्षी तेच हाती लागलं. पण अफूच्या बोंडातल्या चिकासाठी आपल्या डोक्यात जागा राखून ठेवायचं कारण काय?

[दृश्य : ॲबर्डीनचं बंदर, पहाट]

कोस्टरलिट्झ आणि जॉन ह्यूज यांनी कत्तलखान्यातून डुकरांचे मेंदू आणून त्यांचा अर्क काढला. त्यानेही रेघा बुटक्या झाल्या, आणि नॅलोक्सोनने परत वाढल्या. म्हणजे मॉर्फिनसारखं काहीतरी मेंदूतच तयार होत होतं! डिसेंबर १९७५ मध्ये त्याची रचना छापून आली : जेमतेम पाच अमिनो आम्लांची साखळी, नाव एन्केफॅलिन.

[ॲनिमेशन : चेतापेशीचं आवरण]

हा म्यू रिसेप्टर. मॉर्फिन याला बाहेरून चिकटलं की आतल्या बाजूचं जी-प्रथिन कामाला लागतं. कॅल्शियम आत यायच्या वाटा मिटतात, म्हणून पुढच्या पेशीला निरोप देणारं रसायन पुरेसं सुटत नाही. पोटॅशियम बाहेर पडतं आणि पेशी थंडावते. जखम असते तशीच राहते, तिची वर्दी तेवढी वर पोचत नाही.

हेच रिसेप्टर आतड्याच्या भिंतीतही आहेत, म्हणून मॉर्फिनने बद्धकोष्ठही होतं. दुखण्यावरचा गुण सवयीने कमी होतो, बद्धकोष्ठ मात्र हटत नाही. म्हणून कॅन्सरच्या रुग्णाला मॉर्फिन देताना जाणते डॉक्टर त्याच चिठ्ठीवर रेचकही लिहितात. जुलाबावरची लोपरामाइडची गोळी याच गुणावर चालते. नेहमीच्या मात्रेत ती मेंदूपर्यंत पोचत नाही, एवढाच फरक.

खरा घात होतो तो मेंदूच्या बुंध्याशी. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की तिथल्या पेशी श्वास वाढवतात. ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनसारखी औषधं, त्यांनाही थंड करतात. मुंबईच्या गिरणगावात कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्या बाळांना अफूची बाळगोळी देऊन निजवत. त्यांचा नाइलाज समजतो, पण ती गोळी बाळाच्या झोपेइतकीच त्याच्या श्वासालाही लागू पडायची.

फेंटानिल हे ओपिऑइड मॉर्फिनच्या ५० ते १०० पट तीव्र, त्यामुळे मात्रेत चुकायला वावच नाही. मात्रा जास्त होऊन श्वास मंदावला, तर नॅलोक्सोन त्याला रिसेप्टरवरून हुसकून स्वतः बसतं आणि काहीच करत नाही; श्वास मिनिटांत परततो. पण नॅलोक्सोनचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, आणि अंगातलं ओपिऑइड तेव्हाही शिल्लक असू शकतं. म्हणून उठून बसलेल्या, बोलू लागलेल्या रुग्णालाही लगेच घरी सोडत नाहीत. श्वास मोजत त्याला काही तास वॉर्डातच ठेवतात, आणि लागलं तर दुसरं इंजेक्शन देतात.