राम जोशींची लावणी, सोलापूरच्या तोंडात

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय राम जोशींबद्दल. ‘सुंदरा मनामध्ये भरली’ ही लावणी तुम्ही ऐकलेली आहेच. पण ती रचणारा माणूस आपल्या सोलापूरचा, हे पुण्या-मुंबईच्याच काय, आपल्या गावच्या पोरांनाही सांगावं लागतं.

उत्तर पेशवाईतला हा शाहीर. घर शास्त्रीपंडितांचं, थोरले बंधू मुद्गलभट पुराण-कीर्तन करणारे, आणि धाकट्याचे पाय वळायचे धोंडी शाहिराच्या फडाकडे. शेवटी भावानं घराबाहेर काढलं. राम जोशी पंढरपूरला गेले, संस्कृत शिकले, कीर्तनकार होऊन परतले आणि पुन्हा फडावर उभे राहिले. ऐकताय ना? शास्त्र शिकून आलेला माणूस पुन्हा फडावर उभा राहिला! बया आणि चिमा या दोघी कलावंतिणी त्यांच्या फडात असायच्या. पुढे बारामतीच्या मोरोपंतांशी स्नेह जमला. पंत 1794 साली गेले, पण त्यांच्या आर्या राम जोशींनी कीर्तनातून गावोगाव नेल्या. 1947 सालच्या सिनेमात जयराम शिलेदारांनी राम जोशी उभे केले, तो सिनेमा जुन्या मंडळींना आठवत असेल.

आता मला सांगायची आहे ती आमच्या मामांची गोष्ट.

मामा म्हणजे आमच्या गल्लीतले गिरणीतले जुने कामगार. गिरणी बंद पडली, तरी मामांची हलगी बंद पडली नाही. एकदा दुपारी वीज गेली. पूर्व भागातली वस्ती, मागावरची माणसं ओट्यावर येऊन बसली. अंगणात तेलुगू बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. भिजवलेलं तेंदूचं पान कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, बोटांत फिरवायची, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. नजर दुसरीकडे, बोटं आपली चालूच.

मामांनी हलगी शेकली आणि राम जोशींची ओळ उचलली, ‘हटातटाने पटा रंगवुन जटा धरिशि का शिरी, मठाची उठाठेव का तरी’. ढोंगी साधूला झोडपणारी रचना. अर्थ बाजूला ठेवा, नुसते ट आणि ठ ऐका! हलगीवर टिपरू पडावं तसा एकेक अक्षराचा ठोका. त्या बायकांमधल्या एका आजीचा हात थांबला. मग तिनं कात्री उचलली आणि प्रत्येक ‘ट’ला पात्यावर पातं वाजवायला लागली. मराठी तिला बाजारापुरतंच यायचं.

ओळ संपली. आजी म्हणाली, “मळ्ळी पाडु.” ओट्यावरनं एक लिंगायत काका म्हणाले, “इन्नोम्मे हेळ्री.” रस्त्यात टांगा उभा करून ऐकणारे चाचा ओरडले, “मामू, फिर से होने दो!” तीन भाषांतली तीन माणसं, आणि मागणी एकच, परत म्हणा.

मामा परत म्हणाले. आणि म्हणताना त्यांनी पुढं स्वतःच्या ओळी जोडल्या. एक तेलुगूत आजीच्या कात्रीवर, एक कानडीत काकांच्या भाकरीवर, एक दखनीत चाचांच्या घोड्यावर. काकांच्या घरची कडक भाकरी अख्ख्या गल्लीत नावाजलेली, त्यामुळे ती ओळ सगळ्यांनी उचलून धरली. शेवटी आम्हा पोरांकडं बघून मामा म्हणाले, “काय बगूलालाव बे, टाळ्या वाजवा की!” वीज आली तरी माग लवकर सुरू झाले नाहीत.

राम जोशींनी फडावर हेच केलं होतं. मराठी, संस्कृत, कानडी, हिंदुस्थानी, एकाच लावणीत निरनिराळ्या भाषा. पुस्तकात वाचताना ती पंडिताची करामत वाटते. मामांच्या तोंडून ऐकली तेव्हा मला कळलं, की समोर बसलेल्या प्रत्येकाला त्याच्या घरच्या भाषेत हाक मारायची, म्हणून ती रचना तशी आहे. फडासमोर कानडीवाला बसलाय, दखनीवाला बसलाय, कोपऱ्यात एखादा शास्त्रीही बसलाय. कुणालाच रिकाम्या हातानं जाऊ द्यायचं नाही.

जाता जाता एक बोलतो. हल्ली वरातीत स्पीकरच्या भिंती लागतात, त्यात शब्द कुणाचाच ऐकू येत नाही. हलगीच्या आवाजात शब्द ऐकू यायचा, माणूस त्याला उत्तर द्यायचा. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दिवसांत तरी एक संध्याकाळ हलगीला मिळायला हवी, हे मी भेटेल त्याला सांगत असतो. आणि वर्गात पोरगं सोलापुरी बोललं की त्याला गप्प करू नका, गुरुजी. राम जोशी याच गल्ल्यांत बोलायला शिकले.

मामा आता नाहीत. त्यांनी जोडलेल्या ओळी कुणी लिहून ठेवल्या नाहीत. तुमच्या घरात असं कुणी असेल, आजोबा, आत्या, शेजारचे चाचा, ज्यांना चार भाषांची सरमिसळ असलेलं गाणं पाठ आहे, तर मोबाईलवर आवाज भरून ठेवा. गाणं अर्धं आठवत असेल तर अर्धं भरा. आणि गाणाऱ्याचं नाव, गल्ली, गाणं कुणाकडून शिकले, हे त्याच आवाजात आधी विचारून घ्या.