थांबवायचं बटण

नमस्कार. नागपुरात मे महिन्यात दुपारी चारला व्याख्यान ठेवणारे धाडसी, आणि ऐकायला येणारे त्याहून! कूलरच्या घरघरीत मागे ऐकू येत नसेल तर हात वर करा.

सांधा कसा हलवायचा, सुई कुठे टोचायची, हे आपण नर्सिंगच्या, फिजिओथेरपीच्या मुलांना करून दाखवतो. रडणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं, हे मात्र फळ्यावर लिहून देतो. तोंडी परीक्षेत मुलं 'समानुभूती', म्हणजे समोरच्याच्या जागी उभं राहून त्याचं दुःख समजून घेणं, बरोबर सांगतात आणि वॉर्डात गेली की म्हणतात, 'रडू नका, सगळं ठीक होईल.'

समुपदेशनाचं हे बंद खोलीतलं काम इतरांसमोर उघडं करायची वाट जुनी आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी समुपदेशनाच्या भेटी तबकड्यांवर ध्वनिमुद्रित केल्या आणि १९४२ साली एकाच माणसाशी झालेलं सगळं संभाषण शब्दशः छापलं. पुढे १९६५च्या एका प्रसिद्ध फिल्ममध्ये रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि अल्बर्ट एलिस हे तीन मानसोपचारक एकाच बाईशी आपापल्या पद्धतीनं बोलताना दिसले. ती मी वर्षानुवर्षं दाखवली. मग एकदा एक मुलगी म्हणाली, 'मॅडम, ही बाई स्वतःहून किती बोलते! आपली पेशंट म्हणते, डोस्कं दुखून रायलं. बाकीचं तिची सासूच सांगते.'

म्हणून आम्ही आपला व्हिडिओ केला. चार मिनिटांचा, मोबाइलवर. पेशंट झाली आमचीच एक सहकारी. खरा पेशंट घ्यायचाच नाही, हे आधीच ठरलं होतं. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं गोपनीयतेचा हक्क दिलाय, आणि कायदा नसता तरी घेतला नसता. सासूचं पात्रही व्हिडिओत शेजारी बसवलं. पहिला व्हिडिओ इतका गुळगुळीत झाला, की मुलं 'छान' म्हणाली आणि चहाला गेली. दुसऱ्यात समुपदेशक अडखळला, एका दमात दोन प्रश्न विचारून बसला, मग सावरला. तोच ठेवला. चूक सावरताना पाहिली की 'हे मलाही जमेल' असं मुलांना वाटतं.

खरी गंमत थांबवायच्या बटणात आहे. पेशंट म्हणते, 'मी कायले जगून रायली, तेच समजत नाई.' इथे मी थांबवते. आता तुम्ही बोला, मोठ्यानं. बहुतेक जण म्हणतात, 'असं बोलू नये.' मग पुढचं दाखवते. समुपदेशक सासूला बाहेर बसायची विनंती करतो आणि शांतपणे विचारतो, 'मरून जावं असंही मनात येतं का?' वर्गात चुळबुळ होते. विचारल्यानं तसं मनात भरेल, ही भीती. अभ्यास सांगतात, तसं होत नाही; उलट अनेकांना हायसं वाटतं. पण हे वाक्य स्वतःच्या तोंडून काढायला मुलांना तीन-चार फेऱ्या लागतात. पहिल्या फेरीत हमखास कुणीतरी हसतं. हसू द्यावं.

चला, लावते. तिचं वाक्य संपलं की थांबवीन. मागच्या रांगेपासून सुरुवात. हो, तुम्हीच, खिडकीजवळचे.