कोयता गेल्यावर

[दृश्य: पहाटेचा अंधार. ट्रॅक्टरचे दिवे. ट्रॉलीत सामान चढवणारी माणसं.]

दिवाळीचे लाडू अजून डब्यात असतात आणि गाव निघतं. ट्रॉलीत ज्वारीची पोती, कोपीसाठी, म्हणजे फडावरच्या झोपडीसाठी, प्लास्टिकचा कागद, पाण्याचा ड्रम, पाय बांधलेल्या कोंबड्या, एखादी शेळी आणि या सगळ्याच्या वर माणसं. आठवड्याभरात बीड जिल्ह्यातली कितीतरी गावं अशी रिकामी होतात. ऊस तोडायला कुणी सांगली-कोल्हापूरकडे जातं, कुणी कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे ऊसतोडीची एक जोडी. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम, म्हणजे उचल, फिटेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, मुक्काम उसाच्या फडालगत, पाचटाच्या कोपीत.

माझे आई-बापही असेच जायचे. सहा वर्षांची होईपर्यंत त्यांच्यासोबत मीही गेले. धाकट्या भावाला फडाच्या कडेला सांभाळायचं, बैलांना वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, टाकायचं, हे माझं काम. सातव्या वर्षी मात्र ते मला गावातच ठेवून गेले. ज्या जागेच्या भरवशावर ठेवून गेले, ती जागा आज तुम्हाला दाखवायची आहे.

[दृश्य: बालाघाटाचा उतार. माळरान. पत्र्याच्या छपरावर साधा लोखंडी क्रूस.]

हे बालाघाटाच्या डोंगरातलं आमचं गाव. इथल्या माणसांनी विनंती केली म्हणून गावाचं नाव सांगत नाही. डावीकडे दिसते ती शाळा, तिच्या मागे वसतिगृह आणि लिंबाच्या पलीकडे प्रार्थनामंदिर. आज तिन्ही एका कुंपणात आहेत. पण ती कोणत्या क्रमानं उभी राहिली ते समजल्याशिवाय ही गोष्ट समजणार नाही. आधी चूल पेटली, मग फळा आला आणि मंदिर सगळ्यात शेवटी झालं.

हे सगळं उभं करणारे पाळकसाहेब, म्हणजे इथले ख्रिस्ती धर्मगुरू, मूळचे जालन्याकडचे. जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव आहे. ते रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात वसवलं. शेषाद्री ब्राह्मण घरातले. १८४३ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या मिशनतर्फे जालन्याला काम केलं. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. दिवाण सर सालारजंग यांच्याकडून जमीन मिळाली आणि नवख्रिस्ती कुटुंबांची वस्ती उभी राहिली. त्यात बरीच मांग समाजातली होती. शेषाद्री १८९१ साली वारले. पाळकसाहेबांची पणजी बेथेलच्या शाळेत अक्षर शिकली. पाळकसाहेब हे सांगताना आजही आधी शाळेचं नाव घेतात, मग मिशनचं.

[दृश्य: जुनी छायाचित्रं. पडकी माळवदं.]

३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी हादरली. लातूर-उस्मानाबाद पट्ट्यात हजारो माणसं झोपेतच गेली. पाळकसाहेब आणि पाळकबाईंचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. मदतीच्या गाडीत बसून दोघं तिकडे गेले ते काही महिने तिथंच राहिले. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवर माळवदाचं, म्हणजे मातीच्या छपराचं, मणामणाचं ओझं. त्या घरांनीच माणसं गाडली, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं. पुढे आमच्या गावात भिंत उभी करायची वेळ आली तेव्हा त्यांनी गवंड्याला पहिली गोष्ट सांगितली ती हीच: दगड सिमेंटात बसवा, खिडक्यांच्या वर चारी बाजूंनी काँक्रीटचा पट्टा फिरवा आणि छप्पर हलकं ठेवा. गावाला वाटलं, पैसे नाहीत म्हणून पत्रे टाकतायत. पैसे नव्हते, हेही खरंच होतं.

ते आमच्या गावात आले तेव्हा इथं चार-पाच ख्रिस्ती घरं होती. बायबल होतं, वाचणारं कुणी नव्हतं. पहिल्या वर्षी पाळकसाहेबांनी लिंबाखाली उपासना सुरू केली. दिवाळीनंतर एका रविवारी ते टाळ घेऊन आले, तर लिंबाखाली तीन म्हाताऱ्या आणि एक आंधळे आजोबा. बाकीची मंडळी फडावर. त्यातल्या एका म्हातारीनं, म्हणजे माझ्या आजीनं, त्यांना विचारलं, “सायेब, तुमी सांगता चांगलं. पर ऐकायला मान्सं कुठं हायेत? लेकरं बी गेली.”

हा प्रश्न पाळकबाईंनी घरी नेला. त्या आधी जामखेडला जाऊन आल्या होत्या. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथं सुरू केलेलं आरोग्याचं काम त्यांनी जवळून बघितलं होतं. निरक्षर बायका बाळंतपणं करतात, औषधं देतात, गावाला स्वच्छता शिकवतात. गावातल्याच बायांच्या जिवावर काम उभं राहतं, हे त्या तिथून शिकून आल्या. पुढच्या दिवाळीआधी त्या घरोघर फिरल्या. माझ्या आईला म्हणाल्या, “लेकराला नेऊ नको माय. ठेव माझ्यापाशी. तुझी सासू स्वयंपाकाला येईल, म्हणजे तुझं मन थाऱ्यावर राहील.” त्या वर्षी आम्ही नऊ पोरं राहिलो. खोली भाड्याची, भांडी उसनी. आजी भाकरी थापायची आणि पाळकबाई कंदिलाच्या उजेडात पाढे घ्यायच्या.

चौथीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा गावात होतीच. तिच्या शेजारी दुसरी पाटी लावायचं पाळकसाहेबांच्या मनातही आलं नाही. हंगामात गुरुजींसमोर पट रिकामा पडायचा. आता निदान नऊ पोरं रोज वर्गात दिसायला लागली, म्हणून गुरुजीच सगळ्यात जास्त खूश. सरकारची हंगामी वसतिगृहं आणि कारखान्यावरच्या साखरशाळा पुढे आल्या, त्यांनी पुष्कळ लेकरं सावरली. पण आमच्या गावात सुरुवात आजीच्या भाकरीनं झाली, हे सांगायला मला अभिमान वाटतो. पाचवीपासून पुढे मात्र गावात काही नव्हतं. पोरी तिथंच थांबायच्या आणि वर्ष-दोन वर्षांत बोहल्यावर चढायच्या. म्हणून संस्थेची शाळा निघाली ती पाचवीपासून.

कागदांची गोष्ट लांबलचक आहे. धर्मादाय कार्यालयात नोंदणी, जागेचा सातबारा, त्यावर सहहिस्सेदारांच्या सह्या, मग एनए, म्हणजे बिगरशेतीची परवानगी. दहा गुंठ्यांच्या तुकड्यावर सात जणांची नावं. त्यातले तिघं पुण्याला आणि एक फडावर. त्या एकाची सही आणायला पाळकसाहेब रात्रभर एसटीनं गेले आणि ऊस भरायच्या ट्रकच्या बॉनेटवर कागद ठेवून सही घेऊन आले.

[दृश्य: मारुतीच्या पारावर बसलेली माणसं.]

शाळा म्हटली की संशय आला. “पोरं बाटवणार” ही आवई उठली आणि एक दिवस ग्रामसभेत विषय निघाला. बाहेरून आलेले दोघं-तिघं बरंच बोलले. पाळकसाहेब उभे राहिले तेव्हा त्यांचे हात थरथरत होते, हे मी स्वतः पाहिलंय. त्यांनी हजेरीची वही पुढे केली, इतकंच. मग गावातले एक वारकरी आजोबा उठले. नातवाला हाताला धरून त्यांनी मधोमध उभं केलं आणि त्याच्या सदऱ्याची वरची गुंडी सोडली. “ही बघा माळ. दोन साल तिथं जेवतोय. कुणी काढ म्हन्लं न्हाई.” सभा तिथंच संपली.

तेच आजोबा पुढे रविवारी मंदिराच्या ओट्यावर येऊन बसायचे. आत रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं चाललेली असायची. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, पण टाळ-मृदंग आणि अभंगाचा छंद त्यांनी सोडला नाही, उलट त्यांनी ते उपासनेत आणलं. “चाल आमचीच हाय,” असं म्हणत आजोबा मान डोलवायचे. मृदंगाच्या डाव्या पुडीला कणीक किती लावायची, हे आमच्या पोरांना त्यांनीच शिकवलं. त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही, कुणी घ्या म्हटलंही नाही. गेले तेव्हा त्यांच्या दिंडीत आमचं अर्धं वसतिगृह चालत होतं.

[दृश्य: प्रार्थनामंदिराची भिंत अगदी जवळून. कॅमेरा खालून वर सरकतो.]

आता या भिंतीकडे नीट बघा. खालचे तीन फूट काळा दगड. त्यावर दगड आहे, पण सांध्यांचा रंग वेगळा. मग विटा. अगदी वर सिमेंटचे ब्लॉक. मंडळी गावात असायची ती उन्हाळ्यातच. एप्रिलमध्ये लोक परत यायचे, पेरणीच्या आत जेवढं जमेल तेवढं बांधायचं आणि जूनमध्ये काम बंद. ज्या वर्षी उचल अंगावर राहिली त्या वर्षी भिंत इंचभरही वर गेली नाही. ज्या वर्षी हंगाम बरा झाला त्या वर्षी एका दमात खिडक्यांपर्यंत पोचली. वाळू, पाणी, पाट्या उचलणं, सगळं मंडळीचं, मजुरी फक्त गवंड्याला. कुठल्या वर्षी काय परिस्थिती होती, ते या भिंतीवर हात फिरवून मला सांगता येतं. बाहेरचा पैसा एकदम येऊन सहा महिन्यांत चकचकीत इमारत झाली असती, तर ती आम्हाला आमची वाटली असती असं मला वाटत नाही.

घंटा म्हणून परळीच्या भंगारवाल्याकडून आणलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलाय. शाळा भरताना तोच वाजतो, उपासनेलाही तोच.

बाप्तिस्म्याबद्दलही सांगायला हवं. आजीनं उतारवयात घेतला. त्याआधी पाळकसाहेब आमच्या घरी आले आणि सगळ्यांना बसवून एक गोष्ट स्पष्ट सांगितली. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीतला माणूस ख्रिस्ती झाला की त्या जातीच्या सवलती जातात. शिखांना १९५६ साली आणि बौद्धांना १९९० साली त्या मिळाल्या, ख्रिस्ती माणसाला अजून नाहीत. “विश्वास मनाचा आहे. पण कागद लेकरांचा आहे. विचार करून ठरवा.” आजीनं ठरवलं. आई-बापानं वेगळं ठरवलं. आमच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक आहे आणि आजीच्या उशाशी शेवटपर्यंत बायबल होतं. तिला वाचता येत नव्हतं. रोज रात्री एक अध्याय मी वाचून दाखवायचे. माझं वाचन सुधारलं ते असं.

[दृश्य: आकाशकंदील. मुलं कागदी चांदणी चिकटवतायत.]

आमच्याकडचा नाताळ तुम्ही कुठं पाहिला नसेल. मोठी माणसं फडावर, मंदिरात फक्त लेकरं आणि म्हातारी. दिवाळीचे आकाशकंदील आम्ही काढतच नाही, त्यांनाच चांदणीचे कोपरे चिकटवतो. मध्यरात्री पाळकबाई फोन स्पीकरवर ठेवतात. पलीकडे कोपीत आई असते, मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज. लेकरं आळीपाळीनं गातात. मोठ्यांचा सण खरा होतो तो एप्रिलमध्ये, हंगामाच्या उपासनेला. परतलेली माणसं देवापुढे ज्वारी, भोपळा, कोंबडी, अंडी आणून ठेवतात आणि मग अंगणात लिलाव. एका वर्षी एका अंड्यावर बोली चढत चढत दोनशेवर गेली. ते पैसे शाळेच्या पंख्यांना लागले.

आम्हा नऊ जणांपैकी दोघी नर्स आहेत. एक जण याच शाळेत गणित शिकवतो. तिघं आजही कोयता घेऊन जातात, पण त्यांची पोरं इथं असतात. शाळेला अजून पूर्ण अनुदान नाही, शिक्षकांचा पगार वेळेवर होत नाही, बोअरचं पाणी फेब्रुवारीत आटतं आणि मग टँकर. पाळकसाहेब थकलेत. त्यांच्यानंतर कोण, यावर मंडळीत बैठका चालू आहेत.

[दृश्य: पुन्हा पहाट. फाटकाशी पत्र्याच्या पेट्या. पाळकबाई खुर्चीत, मांडीवर वही.]

ही वही मी मुद्दाम मागून घेतली. प्रत्येक लेकराच्या नावापुढे आईबाप कोणत्या कारखान्यावर, मुकादमाचा नंबर, चपलेचं माप. त्याच्या खाली बारीक अक्षरात: “दूध पीत नाही.” “अंधाराला भितो, दाराजवळ झोपवू नये.” “अंथरूण ओलं करते, कुणासमोर बोलू नये.”

ट्रॅक्टर सुरू झालाय. एक आई फाटकातून परत आली आहे. पोरीच्या ओंजळीत तिनं लाडवांची पुडी ठेवली, काही न बोलता वळली आणि ट्रॉलीवर चढली. पोर रडत नाही, नुसती बघते आहे. पाळकबाईंनी पेन उघडलंय.

“नाव सांग बाळा. आणि पायात कितीची चप्पल लागते?”